वीतभर नळीतील प्रयोगशाळा
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगलप्रसंगी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होत आहे. हाती गुणपत्रिका आहे, गळ्यात हार आहे आणि आई-वडिलांच्या डोळ्यांत समाधान आहे. अशा वेळी, ज्यांच्या परिश्रमांना कोणी गुण दिले नाहीत आणि ज्यांपैकी काहींचे परिश्रम डोळ्यांदेखत जळून गेले, अशा काही विद्यार्थ्यांची हकीकत ऐकणे उचित ठरेल.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्थेचे राष्ट्रीय वायु व अवकाश संग्रहालय आहे. राइट बंधूंनी १९०३ साली उडविलेले विमान तेथे जतन केलेले आहे. चंद्रावर प्रथम माणूस नेणाऱ्या अपोलो-११ मोहिमेतील, अंतराळवीरांना घेऊन पृथ्वीवर परतलेला यानभागही तेथेच आहे. याच वास्तूत जुलै २०११ मध्ये एक आगळी विज्ञान परिषद भरली आणि पुढे अनेक वर्षे ती तेथे भरत राहिली. परिषदेतील वक्ते शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी होते. काही तर पाचवी-सहावीतील होते. स्वतः आखलेल्या आणि अवकाशात पाठविलेल्या प्रयोगांविषयी ते बोलत होते. ज्या छताखाली मानवाच्या उड्डाणाचा इतिहास टांगलेला आहे, त्याच छताखाली दहा-अकरा वर्षांचे बालक आपला निष्कर्ष मांडत होते.

हे घडले ते ‘स्टुडंट स्पेसफ्लाइट एक्सपेरिमेंट्स प्रोग्रॅम’ या उपक्रमामुळे. पृथ्वी व अवकाश विज्ञान शिक्षणाच्या अमेरिकेतील एका राष्ट्रीय केंद्राने नॅनोरॅक्स या कंपनीच्या सहकार्याने जून २०१० मध्ये तो सुरू केला. २०११ साली स्पेस शटलच्या शेवटच्या दोन उड्डाणांतून विद्यार्थ्यांचे पहिले प्रयोग गेले. शटल निवृत्त झाल्यावर, २०१२ पासून, ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाऊ लागले.

या उपक्रमाची रचना समजून घेण्यासारखी आहे. एका गावातील किंवा शहरातील शेकडो विद्यार्थी लहान लहान गटांत विभागले जातात. प्रत्येक गट एक प्रश्न निवडतो, त्यावर वाचन करतो आणि शास्त्रज्ञ लिहितात तसा रीतसर प्रस्ताव लिहितो. स्थानिक परीक्षक त्यांतून काही प्रस्ताव निवडतात. त्यांची छाननी राष्ट्रीय पातळीवर होते आणि सर्वसाधारणपणे एका गावाचा एकच प्रयोग अवकाशात जातो. म्हणजे शेकडो विद्यार्थ्यांना नकार पचवावा लागतो. मात्र त्यांनी केलेले वाचन आणि घातलेले वाद वाया जात नाहीत.

प्रयोगशाळा म्हणाल तर ती केवढी? सिलिकोनची एक लवचिक नळी, जेमतेम वीतभर. तिच्यावर चिमटे बसवून दोन किंवा तीन कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात बी, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात वाढ थांबविणारा द्रव, असा साधा मामला. नळीत वीज नाही, संगणक नाही, कॅमेरा नाही. ठरलेल्या दिवशी अंतराळवीर चिमटा काढतो, सांगितले असेल तर नळी हलवितो आणि पुन्हा ठेवून देतो. काही आठवड्यांनी ती पृथ्वीवर परत येते. त्याच वेळी तशीच दुसरी नळी विद्यार्थ्यांनी शाळेत ठेवलेली असते. वर चिमटा निघाला की खालीही निघतो. दोन्ही नळ्यांत फरक फक्त एकच असावा, तो म्हणजे गुरुत्वाचा परिणाम. बाकी सर्व समान ठेवून एकच गोष्ट बदलायची, हा प्रायोगिक विज्ञानाचा पाया या मुलांना वीतभर नळी शिकविते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. अवकाश स्थानकावर गुरुत्वाकर्षण नसते, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असते. तरीही तेथे सर्व काही तरंगते, कारण स्थानक आणि त्यातील प्रत्येक वस्तू पृथ्वीकडे अखंड पडतच असते. मात्र ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगामुळे ते पडणे पृथ्वीला वळसा घालणारे होते. सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पूर्ण होते.

या अखंड पडण्यामुळे आपल्या नित्य परिचयाच्या गोष्टी बदलतात. जमिनीवर तापलेले पाणी हलके होऊन वर येते आणि थंड पाणी खाली जाते. तेथे ‘वर’ आणि ‘खाली’ यांनाच अर्थ उरत नाही. गढूळ पाण्यातील गाळ तळाशी बसत नाही. ज्योत निमुळती न होता गोलसर होते. बीजाला मूळ कोणत्या दिशेला धाडावे हे कळते ते मुळाच्या टोकातील पेशींत स्टार्चचे जड कण तळाशी बसतात म्हणून. ते कण बसलेच नाहीत तर मूळ कोठे वळेल? एखाद्या क्षाराचे स्फटिक तेथे अधिक सुबक होतील काय? औषधाचा परिणाम तेवढाच राहील काय? असे प्रश्न सुचायला श्रीमंती लागत नाही. घरातील पाण्याच्या पेल्याकडे लक्षपूर्वक पाहिले तरी पुरते.

आता या हकीकतीतील कठीण प्रसंगाकडे वळू. २८ ऑक्टोबर २०१४ रोजी सायंकाळी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील वॉलॉप्स बेटावरून अँटारेस अग्निबाण निघाला. त्यावरील मालवाहू यानात विद्यार्थ्यांचे अठरा प्रयोग होते. काही क्षणांतच अग्निबाण कोसळला आणि प्रचंड स्फोट झाला. यानात कोणी माणूस नव्हता, त्यामुळे जीवितहानी टळली. पण कित्येक महिन्यांचे श्रम किनाऱ्यावरच भस्मसात झाले.

ज्या मुलांनी उत्साहाने आकाशाकडे डोळे लावले होते, त्यांना शिक्षकांनी काय सांगावे? मोठ्यांनी समजूत घातली असेल. पण खरे सांत्वन कामातूनच झाले. वह्या उघडल्या गेल्या. कोणते द्रावण किती घेतले होते, नळी कशी भरली होती, हे सारे लिहून ठेवलेले होते. त्या नोंदींवरून नळ्या पुन्हा भरल्या गेल्या आणि बहुतेक प्रयोग १० जानेवारी २०१५ रोजी दुसऱ्या यानातून अवकाशात गेले. स्फोटानंतर अडीच महिनेही पूर्ण झाले नव्हते. नळी जळाली होती, पण पद्धत जळाली नव्हती. नोंदवही नीट ठेवा, असा शिक्षकांचा आग्रह कशासाठी असतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

दक्षिण कॅरोलिना राज्यातील एका शाळेच्या विद्यार्थ्यांची परीक्षा तर याहून कठोर होती. कथिलाच्या पृष्ठभागावर कालांतराने केसासारखे सूक्ष्म तंतू उगवतात आणि विद्युत मंडलात बिघाड घडवितात. हा तंतू अवकाशात कसा वाढतो, हे त्यांना पाहायचे होते. त्यांचा प्रयोग २०१४ च्या स्फोटात गेला. त्यांनी तो पुन्हा उभारला. २८ जून २०१५ रोजी तो फाल्कन अग्निबाणातून निघाला आणि तो अग्निबाणही उड्डाणानंतर सुमारे सव्वादोन मिनिटांत नष्ट झाला. ज्या शास्त्राच्या नावाने आपण यशाच्या कथा सांगतो, त्या शास्त्राची ही दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे.

भारतीयांना या संदर्भात १ फेब्रुवारी २००३ चा दिवस आठवल्यावाचून राहत नाही. कर्नालची कन्या कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी ज्या कोलंबिया यानात होते, त्यात सहा देशांतील विद्यार्थ्यांचे प्रयोगही होते. ऑस्ट्रेलियाचे कोळी, चीनचे रेशीमकिडे, जपानचे मासे, इस्रायलच्या विद्यार्थ्यांचे स्फटिक त्यांत होते. यान परतले नाही. ज्या अंतराळवीरांनी त्या मुलांच्या प्रयोगांची सोळा दिवस देखभाल केली, ते सातही जण गेले. उड्डाण चालू असताना पाठविली गेलेली चित्रे व नोंदी तेवढ्या मागे उरल्या. त्या मुलांच्या दृष्टीने विज्ञान हा केवळ अभ्यासाचा विषय उरला नसेल. त्यावर कोणाचे तरी ऋण होते.

आपल्या देशातही असाच प्रसंग घडला. ७५ शाळांतील ७५० मुलींच्या सहभागातून सिद्ध झालेला ‘आझादीसॅट’ हा लहानसा उपग्रह ७ ऑगस्ट २०२२ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाला. अग्निबाण नवा होता. त्याचे ते पहिलेच उड्डाण होते. उपग्रह योग्य कक्षेत पोहोचला नाही आणि गमावला गेला. इस्रोने दोष शोधला, सुधारणा केल्या आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ सुखरूप कक्षेत पोहोचला. महाराष्ट्रापुरते सांगायचे तर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलो वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी, तर मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला अवकाशात गेला.

पुन्हा एकदा त्या परिषदेच्या सभागृहात जाऊ. तेथे विद्यार्थी उभा राहतो तेव्हा त्याला पुढील गोष्टी सांगाव्या लागतात: प्रश्न काय होता, अपेक्षा काय होती, प्रत्यक्ष काय दिसले आणि त्यातून काय सिद्ध होत नाही. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असते. अवकाशातील बी आणि शाळेतील बी सारखेच उगवले, तर तसेच सांगायचे. नळी गळली, तर गळली म्हणायचे. एकाच नळीवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हेही कबूल करायचे. श्रोत्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर ठाऊक नसेल, तर ‘ठाऊक नाही’ असे स्वच्छ शब्दांत म्हणायचे. परीक्षेत हे उत्तर शून्य गुणांचे ठरते. प्रयोगशाळेत तेथूनच पुढचा प्रयोग सुरू होतो.

पालकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. मुलाने प्रकल्प केला की तो सुंदर दिसावा म्हणून आपण धावपळ करतो. बाजारातून तयार प्रतिकृती आणतो, तक्ता दुसऱ्याकडून लिहून घेतो. बक्षीस मिळते, पण मुलाचा प्रश्न हरवतो. प्रयोग फसल्यावर ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने आकडे जुळविण्याची सवय बालपणी लागली, तर ती पुढे हिशेबाच्या वहीतही उतरते. व्यापार-उदीम करणाऱ्या समाजाला खऱ्या नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको.

अवकाशात प्रयोग पाठविण्याची संधी प्रत्येकाला मिळणार नाही. परंतु १९९३ पासून आपल्या देशात राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरत आली आहे. दहा ते सतरा वर्षे वयाची मुले तिच्यासाठी आपल्या परिसरातील प्रश्नांचा अभ्यास करतात. गावच्या विहिरीचे पाणी, बाजारातील कचरा, धान्य साठविण्याच्या जुन्या पद्धती हे विषय नळीतील बीजाइतकेच मोलाचे आहेत. दोन कुंड्या, एक मोजपट्टी आणि एक वही एवढ्या साहित्यावरही तुलना करता येते. सुटीत विद्यार्थ्यांनी एखाद्या सभागृहात एकत्र यावे, स्वतः केलेला प्रयोग मराठीतून मांडावा आणि वडीलधाऱ्यांनी समोर बसून प्रश्न विचारावेत. त्याला खर्च नाममात्र. हवी ती फक्त ऐकून घेण्याची तयारी.

विद्यार्थी मित्रहो, आज मिळालेले प्रशस्तिपत्र जपून ठेवा. पण त्याच्या शेजारी एक कोरी वही ठेवा आणि तिच्या पहिल्या पानावर असा एक प्रश्न लिहा, ज्याचे उत्तर घरात कोणालाच ठाऊक नाही. अग्निबाण कोसळल्यानंतर त्या मुलांच्या हाती वहीच उरली होती, आणि तिच्याच आधारे ती पुन्हा उभी राहिली.