जुन्या बिनतारी संचावरून स्पष्ट आवाज
(बडोदे येथील मराठी भाषिक नागरिक व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मराठीत 'आठ' आणि 'साठ' या दोन शब्दांत अंतर आहे ते केवळ एका 'स'चे. गुजरातीत आणि हिंदीतही ही जोडी अशीच आढळते. समोरासमोर बोलताना हा फरक कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु पुराच्या रात्री खरखरणाऱ्या जुन्या बिनतारी संचावरून 'शाळेत साठ माणसे अडकली आहेत' असा निरोप निघाला आणि पलीकडे तो 'आठ माणसे' असा ऐकला गेला, तर एकच होडी पाठविली जाईल आणि बावन्न माणसे पाण्यात उभी राहतील. बिनतारी संचावरील आवाजाची स्पष्टता हा केवळ हौशी मंडळींच्या आवडीचा विषय नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

बडोदे शहराला हा विषय परका नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली येथे कलाभवन स्थापन झाले आणि हाताने काम करणाऱ्याला शास्त्राची जोड मिळाली. चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके याच संस्थेत शिकले. देश स्वतंत्र झाला त्या वेळी संस्थानांची स्वतःची जी पाच नभोवाणी केंद्रे होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद यांच्या जोडीला बडोद्याचेही नाव होते.

याच शहराने पुराचे तडाखेही वारंवार सोसले आहेत. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली. वस्त्यांत पाणी शिरले आणि पाण्याबरोबर नदीतील मगरीही आल्या. अशा वेळी सुरक्षेसाठी वीज तोडावी लागते, भ्रमणध्वनीची बॅटरी संपत जाते आणि मनोऱ्यांवरील यंत्रणेवर ताण पडतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील दूरध्वनी व्यवस्था कोलमडली, तेव्हा हौशी बिनतारी चालकांनी आपले संच उभारून निरोप पोहोचविले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमान बेटांवरूनही अशाच चालकांनी संपर्क राखला होता. मोठ्या व्यवस्था थकतात तेव्हा लहान साधने उपयोगी पडतात ती अशी.

हौशी बिनतारी चालकास परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. 'सिटिझन्स बँड' अर्थात 'सी. बी.' या नागरिक पट्ट्याची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा सर्वसामान्य नागरिकांसाठी खुला झाला आणि पुढे मालमोटारींच्या चालकांनी तो लोकप्रिय केला. भारतात २००५ साली काढलेल्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात ५ वॅटपर्यंतच्या प्रक्षेपणास परवान्यातून सूट मिळाली. परदेशातून परतलेल्या नातलगांनी आणलेले किंवा जुन्या बाजारातून घेतलेले असे संच काही घरांच्या माळ्यावर आजही सापडतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जुना संच २३ मार्गिकांचा असेल, तर त्याची शेवटची मार्गिका २७.२५५ मेगाहर्ट्‌झवर येते, म्हणजे सर्व मार्गिका आपल्या पट्ट्यात बसतात. १९७७ पासून अमेरिकेत विकले जाऊ लागलेले ४० मार्गिकांचे संच मात्र २७.४०५ मेगाहर्ट्‌झपर्यंत जातात. त्यांतील २८ व्या मार्गिकेपासून पुढचा भाग या मर्यादेबाहेर पडतो. यास्तव असा संच बाळगणाऱ्याने पहिल्या २७ मार्गिकांवरच थांबावे आणि वापर सुरू करण्यापूर्वी चालू नियम पाहून घ्यावेत.

आता आवाजाकडे वळू. माणसाच्या बोलण्यात स्वरांना जोर असतो, पण अर्थ बहुतांशी व्यंजने वाहून नेतात. 'आ'चा नाद खालच्या कंपनसंख्यांत भरलेला असतो, तर 'स', 'श', 'फ' यांचा सूत्कार वरच्या कंपनसंख्यांत असतो. बिनतारी संभाषणासाठी साधारण ३०० ते ३००० हर्ट्‌झ एवढा पट्टा पुरेसा मानला जातो. हा पट्टा वरच्या बाजूने आणखी आक्रसला की आवाज घुमल्यासारखा येतो आणि 'साठ'मधील 'स' हरवतो. म्हणूनच घोगरा, भारदस्त आवाज कानाला गोड लागला तरी निरोपाच्या कामी तो कुचकामी ठरतो. थोडा चिरका पण नेटका आवाज दूरवर समजतो.

दुसरा मुद्दा बळाचा. पुष्कळांची समजूत अशी की आवाज नीट पोहोचत नसेल तर संचाची शक्ती वाढवावी. साधे गणित काही वेगळेच सांगते. संच एक स्थिर वाहक लहर सोडतो आणि आपला आवाज त्या लहरीवर स्वार होतो. या क्रियेस मॉड्युलेशन म्हणतात. वाहक लहर ४ वॅटची असेल आणि मॉड्युलेशन केवळ ३० टक्के होत असेल, तर प्रत्यक्ष आवाज वाहून नेणाऱ्या भागात ०.१८ वॅट एवढीच शक्ती जाते. तेच मॉड्युलेशन १०० टक्क्यांजवळ आणले, तर ही शक्ती २ वॅटपर्यंत पोहोचते. म्हणजे संचाच्या वाहक लहरीची शक्ती कणभरही न वाढविता आवाजाचे बळ सुमारे अकरापट होते. नियमबाह्य शक्तिवर्धक जोडणाऱ्याने हे गणित आधी मांडून पाहावे.

शंभर टक्क्यांपलीकडे जाणे मात्र हानिकारक आहे. तसे केल्यास वाहक लहर मध्ये मध्ये तुटते, आवाज फाटतो आणि त्याचे शिंतोडे शेजारच्या मार्गिकांवर उडतात. हे होऊ नये म्हणून संचात एक नियंत्रक मंडल असते. ते कापून टाकले की आवाज मोठा होतो, असा सल्ला काही कारागीर देतात. तो मानू नये. शेजाऱ्याचा निरोप बुडवून आपला निरोप मोठा करणे हे आपत्तीच्या काळी कोणाच्याच हिताचे नाही.

मग जुना संच क्षीण किंवा अस्पष्ट का बोलतो? बहुधा वयामुळे. त्याची तपासणी क्रमाने करावी.

प्रथम वीजपुरवठा पाहावा. हे संच बहुधा १३.८ व्होल्टवर चालण्यासाठी बनविलेले असतात. उतरलेली बॅटरी किंवा बारीक तार यांमुळे बोलताना व्होल्टेज खाली येते आणि आवाज दबतो. घरगुती विजेवरील पुरवठ्यातील कंडेन्सर जुना झाला असेल, तर आवाजामागे सतत गुणगुण ऐकू येते.

दुसरी पायरी माइकची. सर्वांत जास्त दोष येथेच आढळतात. गुंडाळीची तार प्लगपाशी वारंवार वाकून आतून तुटते. ती कापून नव्याने डाग द्यावा. बोलण्याच्या स्विचचे संपर्क गंजतात. ते योग्य द्रावाने हलकेच पुसावेत. माइकच्या जाळीमागे वर्षानुवर्षे साचलेली धूळ वरच्या कंपनसंख्या अडविते. काही जुन्या माइकमध्ये 'रोशेल सॉल्ट' नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. तो दमट हवेने आणि उष्णतेने निकामी होतो, त्यामुळे आपल्याकडच्या दोन-चार पावसाळ्यांत त्याचा टिकाव लागणे कठीण. असा माइक दुरुस्त करण्यात वेळ न दवडता साधा चुंबकीय माइक बसवावा. बदली माइक संचाच्या प्रवेशमंडलाशी जुळणारा असला पाहिजे. अधिक रोधाचा माइक कमी रोधाच्या मंडलास जोडला तर आवाज पातळ आणि दुबळा येतो, आणि दोष संचाला दिला जातो.

तिसरी पायरी कंडेन्सरची. संचातील इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर कालांतराने आतून सुकतात, त्यांची धारणशक्ती घटते. आवाजाच्या मार्गातील असे कंडेन्सर बदलताच चाळीस वर्षांचा संच पुन्हा मोकळेपणाने बोलू लागल्याचा अनुभव पुष्कळ रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या गाठी असतो. नवा कंडेन्सर तेवढ्याच क्षमतेचा, तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचा असावा आणि त्याची धन-ऋण टोके अचूक जोडावीत. व्हॉल्व्हच्या संचात मात्र जाणकाराखेरीज कोणी हात घालू नये. वीज बंद केल्यानंतरही त्यातील कंडेन्सरमध्ये प्राणघातक विद्युत्‌भार शिल्लक राहू शकतो.

चौथी पायरी चाचणीची. एरियलवर सारखे प्रक्षेपण करून चाचणी घेणे म्हणजे सार्वजनिक विहिरीवर कपडे धुण्यासारखे आहे. त्याऐवजी एरियलच्या जागी कृत्रिम भार जोडावा. २२० ओहमचे, प्रत्येकी २ वॅटचे चार कार्बन रोधक समांतर जोडले की ५५ ओहमचा आणि ८ वॅटचा भार तयार होतो. एवढा या कामास पुरेसा आहे. तारेच्या वेटोळ्यांचे रोधक वापरू नयेत. मग शेजारच्या खोलीत दुसऱ्या संचावर, कानाला हेडफोन लावून ऐकावे. ऐकणाऱ्यास मजकूर आधी सांगू नये; त्याने जे ऐकले ते कागदावर लिहावे. 'आठ', 'साठ', 'सात', 'हात' असे शब्द उलटसुलट क्रमाने वाचावेत आणि चुका मोजाव्यात. दुरुस्तीपूर्वी व दुरुस्तीनंतर अशी यादी केली, तर सुधारणा खरी की भासमान हे कागदच सांगतो. शाळेतील विज्ञान शिक्षकांना हा प्रयोग वर्गातही करून दाखविता येईल.

यंत्र सुधारले तरी बोलणारा सुधारला नाही, तर श्रम वाया जातात. माइक ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरावा, म्हणजे श्वासाचा फटका त्यात शिरत नाही. ओरडू नये, ओरडण्याने आवाज फाटतो. स्विच दाबल्यावर क्षणभर थांबून बोलण्यास आरंभ करावा, नाहीतर पहिला शब्द तुटतो, आणि अनेकदा तोच शब्द गावाच्या नावाचा असतो. संख्या पूर्ण बोलून झाल्यावर तिचा एकेक अंक पुन्हा सांगावा: 'साठ, सहा-शून्य.' ऐकणाऱ्याने निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखवावा आणि तो वेळेसह वहीत नोंदवावा. एवढ्या शिस्तीने निम्मा गोंधळ टळतो.

या साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चार-पाच वॅटच्या संचाची मजल काही किलोमीटरच असते. २७ मेगाहर्ट्‌झसाठी पाव लहरीचे एरियल सुमारे पावणेतीन मीटर लांब होते. मोटारीवर बसविलेले आखूड एरियल त्या मानाने दुबळे असते. सूर्यावरील डागांची संख्या वाढते त्या वर्षांत दूरदेशीची प्रक्षेपणे या पट्ट्यावर घुसतात आणि जवळचा निरोप झाकोळतो. पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या लहरी निराळ्या आहेत. नागरिक पट्ट्यावरील हाक त्यांना आपोआप ऐकू जात नाही. म्हणून संच बाळगणाऱ्याने पावसाळ्यापूर्वीच स्थानिक आपत्ती व्यवस्थापन कक्षाशी बोलून, आपला निरोप कोणामार्फत पुढे जाईल हे ठरवून ठेवावे.

बंधुभगिनींनो, बडोदे परिसरात पाऊस दरवर्षी येणार, विश्वामित्रीही कधी ना कधी पात्र सोडणार. मे महिन्याच्या सुट्टीत गावातील एखादा जुना संच खाली उतरवून, पुसून, तपासून आणि दोन तरुणांस त्यावर बोलण्याचा सराव देऊन ठेवणे, हे काम फार खर्चाचे नाही. त्या सरावाची परीक्षाही सोपी आहे. एका टोकाने 'साठ' म्हणावे आणि दुसऱ्या टोकाच्या वहीत 'साठ' हाच आकडा उमटावा.