दूरस्थ साहाय्य आणि आपली पेढी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कोडोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्त मंडळाने मला चार शब्द बोलण्याची संधी दिली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. धर्म आणि तत्त्वज्ञान यांवर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा या सभेत बसलेल्या अनेकांचा मोठा आहे. म्हणून मी दुकानाच्या गल्ल्यापाशी, खतांच्या गोदामात, दूध संकलन केंद्रात आणि पतसंस्थेच्या टेबलावर रोज उपस्थित होणारा एक व्यवहारातला प्रश्न घेतला आहे. आपल्या संगणकात अडचण आली असता दूरच्या गावी बसलेल्या जाणकाराने इंटरनेटद्वारे तोच संगणक आपल्या डोळ्यांसमोर चालवून ती दूर करणे, असा हा विषय आहे. इंग्रजीत याला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. आपण दूरस्थ साहाय्य म्हणू.

संगणक ही गोष्ट आपल्या परिसराला नवी नाही. आपल्या शेजारच्या वारणानगरला केंद्रस्थानी ठेवून १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराच्या भक्कम पायावर कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडावीत आणि शेतकऱ्याला आपल्या उसाची माहिती गावातच मिळावी, असा त्यामागील हेतू होता. पुढे २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकावर मिळणारी माहिती त्यांनी मोबाईलच्या लघुसंदेशाने शेतकऱ्यांना पुरवली. ही पद्धत स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांच्या अधिक पसंतीची ठरली. या प्रयोगातून मी एक बोध घेतो. यंत्र गावात येऊन बसले म्हणजे काम संपत नाही. ते सांभाळायचे कोणी आणि अडल्यावर हाक कोणाला मारायची, याचे उत्तर सोपे असेल तरच ते टिकते.

उसाची माहिती लघुसंदेशात मावली. दुकानाचा हिशेब मात्र त्यात मावत नाही. १ एप्रिल २००५ रोजी राज्यात मूल्यवर्धित कर आला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २०१८ मध्ये मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले. रोजकीर्द आणि खतावणी लाल बासनातून निघून संगणकात गेली. मासिक विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला महिन्याची ११ आणि २० तारीख चुकवता येत नाही. नेमक्या त्याच दिवशी हिशेबाची प्रणाली उघडत नाही, किंवा बिल छापताना छपाईयंत्र अडून बसते. पूर्वी अशा वेळी जाणकाराला कोल्हापूरहून बोलवावे लागे, किंवा संगणक पिशवीत घालून वाठारमार्गे शहर गाठावे लागे. दहा मिनिटांच्या दुरुस्तीसाठी अर्धा दिवस जाई.

दूरस्थ साहाय्याने हा अर्धा दिवस वाचतो. त्याची रीत समजण्यास अवघड नाही. दोन्ही संगणकांवर एकच प्रणाली असते. आपल्या पडद्यावर एक क्रमांक व एक संकेतशब्द दिसतो, तो आपण फोनवर समोरच्याला सांगतो. प्रणाली चालविणाऱ्या कंपनीचा मध्यवर्ती संगणक दोघांची गाठ घालून देतो. त्यानंतर आपल्या पडद्याचे चित्र त्याच्याकडे जाते आणि त्याच्या माऊसची व कळफलकाची हालचाल आपल्याकडे येते. दर वेळी संपूर्ण चित्र पाठवण्याऐवजी मुख्यतः पडद्याचा बदललेला भाग तेवढा पाठवला जातो. त्यामुळे साधारण वेगाच्या इंटरनेटवरही काम भागते.

ही कल्पना जुनी आहे. केंब्रिज येथील ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात व्हीएनसी ही प्रणाली तयार झाली. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये दूरस्थ साहाय्याची सोय होती. २००५ मध्ये जर्मनीत टीमव्ह्यूअर आणि २०१४ मध्ये त्याच देशात एनीडेस्क या कंपन्या निघाल्या. विंडोज १० आणि ११ साठी क्विक असिस्ट नावाची मायक्रोसॉफ्टचीच सोय आहे. तिच्यात मदत करणारा आपल्याला संकेतांक सांगतो आणि त्याने नुसते पाहायचे की हातही लावायचा, याला आपण संमती देतो. लहान दुकानदाराच्या प्रासंगिक अडचणीला एवढी सोय बहुधा पुरते.

आपल्या गावात या सोयीला वाव किती आहे, ते पाहा. कृषी सेवा केंद्राच्या मालकाला साठ्याचा आणि बिलाचा मेळ लागत नाही. दूध संकलन केंद्रात वजनकाट्याचा आकडा संगणकात येत नाही आणि दारात किटल्यांची रांग लागलेली असते. किराणा दुकानात नव्या मालाला कराचा कोणता दर लावायचा, हे ठरत नाही. यांपैकी बहुतेक अडचणी जाणकाराने पडदा पाहिला की लगेच कळतात. फोनवर शब्दांत सांगू गेल्यास तास जातो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने कोल्हापूरचे रस्ते बंद पाडले, २०२० मध्ये टाळेबंदीने घराचा उंबरठा ओलांडणे थांबवले. अशा काळात जिथे वीज आणि इंटरनेट शाबूत होते, तिथे जाणकाराचा हात पोहोचवण्याचा हाच मार्ग होता.

आता या सोयीची दुसरी बाजू. ती सांगण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

पूर्वी पेढीवर मुनीम खतावणी उघडून बसे, तेव्हा तिजोरीची किल्ली शेठजींच्या कनवटीला असे आणि पेढीचा शिक्का वेगळ्या पेटीत असे. मुनीम कितीही विश्वासू असला तरी वही, किल्ली आणि शिक्का या तीन गोष्टी एका हाती जात नसत. संगणकाने या तिन्ही गोष्टी एका डब्यात आणून ठेवल्या. हिशेब त्यातच, बँकेचे खाते त्यातच, आणि डिजिटल स्वाक्षरीची छोटी कळ त्यालाच लावलेली. आपण छपाईयंत्र दुरुस्त करण्यासाठी समोरच्याला आत घेतो, परंतु वाट मोकळी होते ती संपूर्ण पेढीची. ही गोष्ट ज्याने ओळखली त्याला दूरस्थ साहाय्य लाभदायक आहे. ज्याने ओळखली नाही त्याला ते केव्हा महागात पडेल याचा नेम नाही.

ठगांनी ही वाट केव्हाच हेरली. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा प्रणालींच्या आधारे होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केले. पद्धत ठरलेली असते. ‘बँकेतून बोलतोय, तुमची केवायसी राहिली आहे’ किंवा ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असा फोन येतो. मदत करतो म्हणून मोबाईलवर एक ॲप घ्यायला सांगतात, त्यातील क्रमांक विचारतात आणि एक-दोन परवानग्या द्यायला लावतात. त्यानंतर आपल्या पडद्यावर येणारा ओटीपी त्यांना तिकडे बसल्या जागी दिसतो. ओटीपी कोणाला सांगू नये हे आपण पाठ केले आहे, पण येथे तो सांगावाच लागत नाही. यात दोष त्या ॲपचा असतो असे नव्हे. तेच ॲप सकाळी आपले बिल दुरुस्त करते आणि दुपारी दुसऱ्याचे खाते रिकामे करते. फरक एवढाच की, सकाळी हाक आपण मारलेली असते आणि दुपारी ती अनोळखी माणसाने मारलेली असते.

म्हणून पहिला नियम असा, की फोन आपण करायचा. ज्याचा फोन आला त्याला संगणकात वा मोबाईलमध्ये घ्यायचे नाही, मग तो कोणाचेही नाव सांगो. बिलावर किंवा पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर आपण उलट फोन करावा. खरा माणूस त्याने रागावत नाही.

दुसरा नियम, वही, किल्ली आणि शिक्का पुन्हा वेगळे करायचे. जोडणी देण्यापूर्वी बँकेचे पान बंद करावे, डिजिटल स्वाक्षरीची कळ उपसून खिशात ठेवावी आणि हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून तो पेन ड्राइव्हही बाजूला करावा. या तीन गोष्टींना पाच मिनिटे लागतात. शक्य असल्यास बँकेचे व्यवहार दुकानाच्या संगणकावर करूच नयेत.

तिसरा नियम, खुर्ची सोडायची नाही. काम चालू असताना मालकाने किंवा घरातील जबाबदार व्यक्तीने पडद्यासमोर बसावे. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप या सोयीने कोणी आत आले तर समोरचा पडदा कुलूपबंद होतो आणि आपल्याला काम दिसत नाही. मदतीसाठी तो प्रकार न घेता दोघांनाही एकच पडदा दिसेल असा प्रकार घ्यावा. आपण गैरहजर असतानाही आत येता यावे म्हणून कायमचा संकेतशब्द लावून ठेवण्याचा आग्रह होतो, तो लहान व्यावसायिकाने मानू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्क कंपनीनेच आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर करून ग्राहकांना संकेतशब्द बदलण्याचा सल्ला दिला होता. कुलूप बनवणाऱ्याच्या घरी चोर शिरू शकतो, तर आपण आपली कडी उघडी का ठेवावी?

चौथा नियम, नोंद ठेवायची. एक साधी वही संगणकाशेजारी असावी. तारीख, वेळ, कोण आले, काय काम केले, केव्हा बाहेर गेले, एवढ्या पाच गोष्टी लिहाव्यात. आपल्या वाडवडिलांनी कीर्द लिहिल्याशिवाय दिवा मालवला नाही. त्यांच्या वारसांना हे जड जाऊ नये. काम संपताच प्रणाली पूर्ण बंद करावी.

इतके करूनही घात झालाच, तर लाजेने गप्प बसू नये. इंटरनेट लगेच तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले, की ग्राहकाच्या हलगर्जीपणाने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे येथे मिनिटाला किंमत आहे. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात घालवलेली रात्र सर्वांत महाग पडते.

एक मुद्दा आपल्या आचरणाचा आहे. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क यांसारख्या प्रणालींची मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी असते, धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. ‘सगळेच वापरतात’ हे समर्थन अचौर्याचे अणुव्रत मानणाऱ्या समाजाला शोभत नाही. जे आपल्याला दिलेले नाही ते घेणे म्हणजे चोरी, ही शिकवण आपल्या पाठशाळेतील लहान मूलही सांगेल. परवान्याचा खर्च पेलत नसेल तर क्विक असिस्टसारखी सोय आहे, किंवा रस्टडेस्कसारखी मुक्त प्रणाली आहे. प्रामाणिक राहण्यासाठी फार मोठी झीज सोसावी लागते असे नाही.

शेवटी तरुण मित्रांना आणि भगिनींना उद्देशून दोन शब्द. ज्याला हिशेबाची प्रणाली आणि कराचे नियम नीट येतात, त्याला आज कोडोलीत बसून इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला, निपाणीच्या व्यापाऱ्याला किंवा पुण्यातील आपल्या आप्तांच्या दुकानाला सेवा देता येते. घर सांभाळून हिशेब पाहणाऱ्या भगिनींसाठी तर ही मोठी सोय आहे. मात्र या व्यवसायाचे भांडवल विश्वास हेच आहे. ज्या कामासाठी बोलावले तेवढेच पाहावे. दुसऱ्याची उधारी, नफा, कर्ज नजरेस पडले तरी ते ओठांवर येऊ देऊ नये. काय करीत आहोत हे मालकाला त्याच्या भाषेत सांगत जावे, आणि तेच काम पुढच्या वेळी त्याला स्वतःला करता येईल असे शिकवावे. गिऱ्हाईक कायम आपल्यावर अवलंबून राहावे असे पाहणारा जाणकार थोडे दिवस चालतो, शिकवून जाणारा पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतो. आपल्या शेजारच्या कुंभोजचे सुपुत्र कर्मवीर भाऊराव पाटील यांनी विद्या वाटली, म्हणूनच त्यांचे नाव घरोघर घेतले जाते.

विश्वस्त मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. ट्रस्टच्या सभागृहात महिन्यातून एक संध्याकाळ या कामी द्यावी. जाणत्या तरुणांनी ज्येष्ठ दुकानदारांना ही प्रणाली हाताळून दाखवावी आणि ठगाचा फोन कसा येतो याचा सराव करून घ्यावा. त्यासाठी देणगीची गरज नाही. एक संगणक, एक मोबाईल आणि थोडा संयम एवढ्यावर भागेल.

दूरचा हात जरूर बोलवा, पण किल्ली कनवटीलाच असू द्या, एवढेच माझे सांगणे आहे.