लोहाचा द्वारपाल : हेप्सिडिन

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणरायाला वंदन करून सुरुवात त्याच्याच गोष्टीने करते. पार्वतीने अंगाच्या मळापासून एक मुलगा घडवला, त्याला दाराशी उभे केले आणि कोणालाही आत सोडू नकोस असे बजावले. त्याने प्रत्यक्ष शंकरालाही अडवले. पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. आज मला आपल्या शरीरातल्या एका द्वारपालाची ओळख करून द्यायची आहे. त्याचे नाव हेप्सिडिन. तो यकृतात तयार होतो आणि रक्तात लोह किती येऊ द्यायचे ते ठरवतो.

भिलाईच्या माणसांना लोखंडावर व्याख्यान देणे म्हणजे गंगाकाठी पाणी वाटण्यासारखे आहे. पण हा हिशेब जरा वेगळा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात लोह असते सारे मिळून ३ ते ४ ग्रॅम. त्यातले बहुतेक रक्ताच्या तांबड्या पेशींत, हिमोग्लोबिनच्या रूपात. नव्या पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, आणि अन्नातून रक्तात येते ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. मग बाकीचे येते कुठून? स्क्रॅपमधून! तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हाताऱ्या पेशी प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी मोडीत काढतात आणि त्यातले लोह पुन्हा रक्तात सोडतात. आपल्या प्लांटमध्ये दल्ली-राजहऱ्याचे ओर जास्त आणि स्क्रॅप कमी. शरीरात नेमके उलटे.

आणखी एक गोष्ट. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. कातडीच्या आणि आतड्याच्या पेशी झडतात, रक्तस्राव होतो, त्याबरोबर जाईल तेवढेच. साठलेले लोह यकृत, हृदय आणि स्वादुपिंड यांची नासाडी करते. म्हणून सगळा बंदोबस्त गेटवरच करावा लागतो.

हे गेट म्हणजे फेरोपोर्टिन नावाचे प्रथिन. आतड्याच्या पेशी, भक्षक पेशी आणि यकृताच्या पेशी यांच्या भिंतीत ते बसवलेले असते आणि पेशीतले लोह त्यातूनच रक्तात उतरते. हेप्सिडिन येऊन या गेटच्या पोकळीत बुचासारखे बसते. एवढ्यावर भागत नाही. पेशी ते गेटच आत ओढून घेते आणि मोडून टाकते. मग लोह पेशीतच अडकते. आतड्याची पेशी चार-पाच दिवसांत झडते आणि आपण कौतुकाने खाल्लेले लोह तिच्यासोबत शौचावाटे निघून जाते.

एवढे काम करणारे हे हार्मोन आहे तरी केवढे? इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असतात, हेप्सिडिनमध्ये फक्त २५. आधी ८४ अमिनो आम्लांची लांब साखळी तयार होते, तिची काटछाट होऊन हा तुकडा उरतो. २५ पैकी ८ सिस्टीन आहेत, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश. सिस्टीनमधले गंधक दुसऱ्या सिस्टीनमधल्या गंधकाशी जोडले जाते. असे चार टाके पडतात आणि साखळी केसांच्या आकड्यासारखी दुमडून घट्ट राहते. गंमत म्हणजे गेटला पकडण्याचे काम मुख्यतः सुरुवातीच्या टोकाकडून होते. तिथली पाच अमिनो आम्ले काढून टाकली, तर बाकीचा आकडा शाबूत असूनही लोहाच्या बाबतीत तो निकामी ठरतो.

याचा शोध लोह शोधताना लागलाच नाही. २००० साली जर्मनीतल्या आणि २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांना हे द्रव्य सापडले, पण दोघेही शोधत होते जंतू मारणारी द्रव्ये. अमेरिकेतल्या टॉमस गँझ यांच्या गटाला ते चक्क माणसाच्या लघवीत मिळाले. यकृतात तयार होणारे म्हणून 'हेप' आणि जंतू मारणारे म्हणून 'सिडिन', असे नाव पडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये हेप्सिडिन नसलेल्या उंदरांच्या शरीरात लोहाचे ढीग साठलेले दिसले, तेव्हा त्याचे खरे काम उमगले. गेट मोडण्याची युक्ती एलिझाबेटा नेमेथ, गँझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उलगडली.

जंतूंशी असलेले नाते मात्र खोटे नव्हते. जंतूंनाही वाढायला लोह लागते. शरीरात संसर्ग किंवा दाह झाला की इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप यकृताला पोहोचतो, हेप्सिडिन वाढते आणि गेट बंद होते. शत्रूची रसद तोडायची ही जुनीच नीती आहे. पण तीच लढाई महिनोन्‌महिने चालली, म्हणजे क्षय, संधिवात किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार असला, की गोदामात माल असून अस्थिमज्जा उपाशी राहते. हिमोग्लोबिन उतरते. अशा रुग्णाला नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन फारसे साधत नाही, कारण गोळीलाही त्याच गेटमधून जायचे असते.

आता मला मुख्यतः ज्यासाठी बोलायचे होते ते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. यातल्या पुष्कळ जणींना खरोखरच लोह कमी पडते आणि त्यांनी गोळ्या घेतल्याच पाहिजेत. पण रक्ततपासणीला येणाऱ्या कितीतरी भगिनी मला सांगतात, "मॅडम, दोन वर्षे गोळ्या चालू आहेत, आकडा नऊच्या वर जात नाही." कोणी डोस दुप्पट केलेला असतो, कोणी शेजारणीची गोळी घेतलेली असते. इथे हेप्सिडिन समजून घ्यायचे. लोहाची मोठी मात्रा पोटात गेली की काही तासांत हेप्सिडिन वाढते आणि साधारण २४ तास चढे राहते. त्या काळात घेतलेल्या दुसऱ्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुणींना ६० मिलिग्रॅमच्या १४ गोळ्या दिल्या. काहींना रोज, काहींना एक दिवसाआड. रोज घेणाऱ्यांत सुमारे १६ टक्के लोह शोषले गेले, दिवसाआड घेणाऱ्यांत सुमारे २२ टक्के. म्हणून काही डॉक्टर दिवसाआड गोळी सुचवतात. गरोदर स्त्रियांनी मात्र आपल्या डॉक्टरांनी आखून दिलेले वेळापत्रक स्वतःहून बदलू नये.

आणि तरीही आकडा हलत नसेल तर गोळी वाढवण्याआधी कारण शोधा. फेरिटिन पाहा, पण सोबत सीआरपीही पाहा; दाहामुळे फेरिटिन फुगलेले दिसते आणि आपण लोह भरपूर आहे अशा भ्रमात राहतो. पेशी फार लहान दिसत असतील तर थॅलेसेमिया मायनरसाठी इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. त्यात हिमोग्लोबिन कमी असते, पण लोह कमी असेलच असे नाही, आणि अशा घरांत लग्नाआधी हे माहीत असणे फार गरजेचे आहे. गंभीर थॅलेसेमियात तर प्रकार उलटाच होतो. अस्थिमज्जा सतत 'लोह पाठवा' असा निरोप धाडत राहते (तो निरोप्या एरिथ्रोफेरॉन २०१४ मध्ये सापडला), हेप्सिडिन दबते, गेट सताड उघडे राहते आणि रक्त न चढवताही लोह साठत जाते. तिथे लोहाची गोळी देणे म्हणजे आगीत तेल.

आपल्या अळिवाच्या लाडवांवर माझा काही राग नाही, जरूर करा. पोह्यांवर लिंबू पिळा, त्याने लोह शोषायला मदतच होते. जेवणावर लगेच चहा मात्र टाळा, हे सांगून कोणी ऐकत नाही, तरी सांगते.

आरतीची वेळ होत आली. कोणाला जुने रिपोर्ट दाखवायचे असतील तर प्रसादानंतर मी मंडपाच्या डाव्या बाजूला बसणार आहे.