इंग्रजी शब्द कमावताना



एम.ए.च्या सेमिनारला मराठी माध्यमातून आलेले आम्ही सगळे मागच्या बाकांवर असायचो. वाचलेलं असायचं, मुद्दाही असायचा. पण ‘हेजेमनी’सारखा शब्द मोठ्याने उच्चारायची धास्ती वाटायची. पुढे बसणाऱ्यांच्या घरी हे शब्द जेवताना कानावर पडत होते. त्यांना ते वारशात मिळाले, आपल्याला कमवावे लागतात. ते कसे, एवढंच आज सांगते.

पहिलं, हजारो शब्दांच्या याद्या पाठ करत बसू नका. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या इंग्रजीतली शब्दयादी प्रसिद्ध केली. तिचं नाव ‘अकॅडमिक वर्ड लिस्ट’. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत आणि अभ्यासाच्या मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द त्यांतलेच असतात. ‘ॲनलाइज, ॲनलिसिस, ॲनलिटिकल’ हे एक कुटुंब. रोज दोन कुटुंबं घेतली, तर दहा महिन्यांच्या आत यादी संपते.

दुसरं, शब्द फोडा. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. त्याचा कणा ‘एंडोगॅमी’ हा शब्द आहे. ग्रीकमध्ये ‘एंडो’ म्हणजे आत, ‘गामोस’ म्हणजे लग्न. हे कळलं की एक्सोगॅमी, मोनोगॅमी, पॉलिगॅमी उलगडतात. जातीबाहेर लग्न केल्यावर काय होतं, हे आपल्या आईला पुस्तकाविना ठाऊक आहे. अनुभव आपलाच आहे, त्याचं इंग्रजी नाव तेवढं शिकायचंय.

तिसरं, लेखकाने तोच शब्द का निवडला ते पाहा. लाहोरची परिषद रद्द झाली, तेव्हा बाबासाहेबांनी आपलं भाषण १९३६ साली स्वतः छापलं. शीर्षकात ‘रिफॉर्म’ऐवजी ‘ॲनिहिलेशन’ आहे. त्यात लॅटिन ‘निहिल’ आहे, म्हणजे ‘काहीच नाही’. जातीचं काहीच उरू द्यायचं नाही, हे शीर्षकच सांगतं. सोपा शब्द जिथे अपुरा पडतो, तिथेच अवघड शब्द वापरावा.

एक वही करा. शब्द, तो जिथे भेटला ते वाक्य, मराठी अर्थ आणि आपल्या वस्तीबद्दलचं स्वतःचं एक वाक्य लिहा. ऑनलाइन शब्दकोशात उच्चार ऐका, मोठ्याने म्हणा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने उजळणी करा. दोघीतिघी मिळून केलंत तर लाज लवकर मोडते.

आणि शिकलेला शब्द धाकट्या भावंडाला मराठीत समजावून सांगा. त्याला कळला, तर तुम्हालाही कळला. शिवाय पुढच्या सेमिनारला ते मागच्या बाकावर बसणार नाही.

जय भीम.