साक्षीदार मोठा, पुरावा केवढा?

(जवळा बाजार येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रापासून गुजरात-मध्य प्रदेशापर्यंत लोक अंगणात उभे राहून आभाळातून जळत सरकणारी ठिणग्यांची रांग पाहत होते. कुणी उल्का म्हणाले, कुणी विमान कोसळले म्हणाले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. पोलिसांनी ते ठाण्यात नेले. आसपासच्या गावांतून धातूचे गोळेही मिळाले आणि इस्रोचे पथक पाहणीला आले. कक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या खगोलतज्ज्ञांचा अंदाज होता, की हा फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ अग्निबाणाचा उरलेला टप्पा असावा.

लाडबोरीच्या गावकऱ्यांना त्यांचे शिक्षण किंवा हुद्दा कुणी विचारला नाही. गरजच पडली नाही, कारण कडे समोर होते.

परग्रहावरून आलेल्या पाहुण्यांची गोष्ट निघाली की मात्र कडे नसते, हुद्दा असतो. ‘अहो, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने पाहिलेय!’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या चर्चेपर्यंत ऐकू येते. हे राष्ट्राध्यक्ष म्हणजे जिमी कार्टर. १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या लिअरी गावी लायन्स क्लबच्या बैठकीआधी त्यांनी आणि आणखी काहींनी पश्चिमेला एक तेजस्वी प्रकाश पाहिला. १९७३ मध्ये, राज्यपाल असताना, त्यांनी त्याची लेखी नोंद दिली. माणूस नौदलातला, अणुतंत्राचे शिक्षण घेतलेला आणि सचोटीचा. पण नोंदीत त्यांनी महिना ऑक्टोबर लिहिला. रॉबर्ट शेफर या चिकित्सकाने क्लबची कागदपत्रे तपासली, तेव्हा बैठकीची तारीख ६ जानेवारी निघाली. त्या संध्याकाळी पश्चिमेला शुक्र झळकत होता. पुढे आणखी एक खुलासा आला, की तो अग्निबाणातून सोडलेल्या बेरियमचा ढग असावा. तो प्रकाश परग्रहावरच्या यानाचा होता, असे खुद्द कार्टर यांनीही मानले नाही. त्यांच्या नावाने शपथ घेणारे हे शेवटचे वाक्य गाळतात.

आपल्याकडचे उदाहरण जास्त बोलके आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये, पँगाँग सरोवराजवळच्या ठाकुंग भागात, जवानांनी आकाशातल्या तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांतल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आली, असे नोंदले गेले. संशय चिनी ड्रोनवर होता. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारण्यात आले. उत्तर आले: एक गुरू, दुसरा शुक्र. यात जवानांची थट्टा करण्यासारखे काही नाही. सीमेवरचा पहारेकरी शत्रू शोधतो, आणि विरळ हवेत ग्रह अधिकच झगमगतात. शिवाय अंधारातल्या एकट्या दिव्याचा आकार ठाऊक नसेल, तर त्याचे अंतर सेनापतीलाही सांगता येत नाही आणि शेतकऱ्यालाही नाही.

मग पदाला किंमतच नाही? आहे, पण ती अर्धीच. पदावरून एवढे कळते की हा माणूस सहसा खोटे बोलणार नाही. डोळ्यांना जे दिसले ते काय होते, हे पदावरून कळत नाही. काही वेळा तर डोळ्यांचाही प्रश्न नसतो. चंद्रावर चालून आलेले एडगर मिशेल परग्रहवासीयांबद्दल ठामपणे बोलत, पण ते इतरांकडून ऐकलेले होते. जुलै २०२३ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर शपथेवर साक्ष देणारे माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश हेही सहकाऱ्यांनी सांगितल्याचा हवाला देत होते. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ६० व्या कलमानुसार तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहणाऱ्याची, ऐकणाऱ्याची लागे. शेताच्या बांधाच्या दाव्यात जी साक्ष न्यायाधीश बाजूला ठेवतील, ती विश्वाच्या दाव्यात का चालावी?

आता जयंत नारळीकरांकडे पाहा. मराठी घरात त्यांच्या शब्दाइतके वजन दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या शब्दाला क्वचितच होते. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर आले असावेत, ही त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांची कल्पना. ती तपासण्यासाठी नारळीकरांच्या नेतृत्वाखाली २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक महाकाय फुगा सोडण्यात आला. त्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले. नमुन्यांची तपासणी एकाच जागी न करता हैदराबादची ‘सीसीएमबी’ आणि पुण्याची ‘एनसीसीएस’ अशा दोन प्रयोगशाळांत समांतर झाली. जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या, एकीला हॉइल यांचेच नाव दिले गेले. तरीही २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला तो असा, की यावरून परग्रहावरचे मूळ सिद्ध होत नाही. एवढी मोठी बातमी हाताशी असताना हे वाक्य लिहायला धारिष्ट लागते. आपल्या नावाचे वजन त्यांनी पारड्यात टाकले नाही.

दोन ठिकाणी पडताळून पाहण्याच्या याच रीतीचे, गुरुत्वीय लहरी टिपणारे एक मोठे यंत्र जवळा बाजारच्या तालुक्यातच, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला उभे राहायचे आहे. चार-चार किलोमीटर लांब भुजांच्या ‘लायगो-इंडिया’ला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या लायगोत शास्त्रज्ञ स्वतःवरही विश्वास ठेवत नाहीत. सप्टेंबर २०१० मध्ये तिथे गुरुत्वीय लहरीचा झकास संकेत मिळाला, शोधनिबंधही तयार झाला. मार्च २०११ मध्ये बंद लिफाफा उघडला, तर संकेत मुद्दाम घुसडलेला निघाला. मंडळी चुकतात का, हे पाहण्यासाठी तो घातला होता आणि ते सर्वांना आधीच मान्य होते. खरी लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी सापडली, तीही सुमारे ३,००० किलोमीटर अंतरावरच्या दोन यंत्रांनी सात सहस्रांश सेकंदांच्या फरकाने टिपली म्हणून मान्य झाली.

तेव्हा उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेले असताना आभाळात काही विचित्र दिसले, तर वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची लगेच लिहून ठेवा. मग वसमतच्या किंवा औंढ्याच्या पाहुण्याला फोन लावा. आपल्याला काय दिसले ते सांगू नका. त्याला काय दिसते, तेवढे विचारा.