मज्जारज्जूंतील फट



पाठीच्या कण्याच्या पोकळींतून करंगळीएवढ्या जाडीची एक मऊ दोरी मेंदूपासून खालीं उतरते. तिला आपण मज्जारज्जु म्हणतों. शाळेंत शरीरशास्त्र शिकवितांना मी पुष्कळ वर्षें मुलांना सांगत असे कीं, ही दोरी म्हणजे तारांचा जुडगा असून तिच्यांतून वीज इकडून तिकडे खेळते. एके दिवशीं मागच्या बाकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, दोन मज्जापेशींच्या मधें फट असते, असें आपणच काल सांगितलें. तार तुटली कीं दिवा विझतो. मग ही वीज फटींतून पलीकडे कशी जाते?" मीं त्याला खालीं बसविलें. उत्तर मला ठाऊक नव्हतें, आणि तसें म्हणण्याचें धैर्यहि मजजवळ नव्हतें. निवृत्तीनंतर वाचावयास सवड मिळाली, तेव्हां कळलें कीं, याच प्रश्नानें एका थोर शास्त्रज्ञाला कित्येक वर्षें छळलें होतें.

त्या फटीच्या जागेला 'सिनॅप्स' हें नांव इंग्लंडांतील चार्ल्स शेरिंग्टन यांनीं १८९७ सालीं दिलें. तिचें काम पाहण्यास प्रयोगशाळा नको. खुर्चीवर बसून एक पाय दुसऱ्यावर टाकावा आणि गुडघ्याच्या वाटीखालीं तळहाताच्या कडेनें हलकेच ठोकावें. पाय आपोआप उडतो. ठोक्याचा निरोप मज्जारज्जूंत शिरतो व तेथूनच मांडीच्या पुढच्या स्नायूला आज्ञा सुटते. मेंदूला विचारण्याची गरज पडत नाहीं. परंतु याहून नवलाची गोष्ट अशी कीं, त्याच क्षणीं मांडीच्या मागच्या स्नायूला 'तूं सैल हो' अशी दुसरी आज्ञा मिळते. पुढचा ओढीत असतां मागचाहि ओढूं लागला, तर पाय जागचा हलणार नाहीं. चालणें, बसणें, लिहिणें हें सारें या 'थांब' म्हणणाऱ्या निरोपावर अवलंबून आहे, हें शेरिंग्टन यांनीं दाखविलें. १९३२ चें नोबेल पारितोषिक त्यांना एडगर एड्रियन यांच्यासमवेत मिळालें.

आतां फटीचा वाद. ऑटो लोवी यांनीं १९२१ सालीं बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविलें कीं, मज्जातंतूच्या टोकाशीं एक रस सुटतो आणि तोच हृदयाची गति मंद करतो. शेरिंग्टन यांचे ऑस्ट्रेलियन शिष्य जॉन एक्लस यांना हें पटेना. हृदय हें संथ यंत्र, तेथें रसानें भागेल. पण मज्जारज्जूंतील निरोप सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आंत फट ओलांडतो, ती चपळाई विजेचीच असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढें न्यूझीलंडमध्यें त्यांची तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्याशीं गांठ पडली. पॉपर यांनीं सल्ला दिला कीं, मत असें रोखठोक मांडा कीं तें खोटें असेल तर प्रयोगांत उघडें पडलेंच पाहिजे. आपल्याच मताला फांसावर चढविण्याची अशी तयारी करणें सोपें नव्हे. मला तर साध्या वर्गांतहि तें जमलें नाहीं!

१९५१ सालीं डुनेडिन येथें एक्लस, ब्रॉक व कूम्ब्स यांनीं अत्यंत बारीक टोंकाची कांचेची नळी मांजराच्या मज्जारज्जूंतील एका पेशींत खुपसली. पेशीचा अंतर्भाग बाहेरच्यापेक्षां सुमारें सत्तर सहस्रांश व्होल्ट ऋण असतो. वीजपक्ष खरा असता, तर 'थांब' हा निरोप येतांच तो ऋणभार घटावयास हवा होता. यंत्रावरील रेषा मात्र उलट दिशेला गेली, ऋणभार वाढला. एक्लस यांनीं आपला पराभव तिथल्या तिथें मान्य केला आणि ते रसपक्षाला मिळाले. १९६३ सालीं त्यांना हॉजकिन व हक्स्ली यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. वीजपक्ष मात्र पुरता बुडाला नाहीं. कांहीं प्राण्यांच्या कांहीं सांध्यांत वीज सरळ पलीकडे जाते, हेंहि लौकरच सिद्ध झालें.

मज्जारज्जूंतील 'थांब' म्हणणारा मुख्य रस ग्लायसीन होय, हें १९६० नंतरच्या दशकांत उमगलें. आपल्या घरांत या गोष्टीचा धाक पूर्वीपासून आहे, फक्त कारण ठाऊक नव्हतें. कुचल्याचें विष ग्लायसीनची जागा अडवून बसतें. गंजक्या खिळ्याच्या जखमेंतून शिरणाऱ्या धनुर्वाताच्या जंतूंचें विष मज्जातंतूंतून चढत मज्जारज्जूंत पोहोंचतें आणि तो रस सुटूंच देत नाहीं. 'थांब' म्हणणारा कोणी उरत नाहीं. सगळे स्नायु एकदम ओढूं लागतात, दांतखीळ बसते, पाठ धनुष्यासारखी वांकते. बुद्धि मात्र शेवटपर्यंत शाबूत असते, हें त्या रोगाचें क्रौर्य. म्हणून मुलांना लस टोंचून घेण्याची हयगय करूं नका, आणि मोठेपणींहि ती पुनः घ्यावी लागते हें विसरूं नका.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आतां चाळिशी ओलांडून गेला असेल. तो ऐकत असल्यास त्याला सांगतों: बाळ, तूं विचारलेंस तें बरोबर होतें. वीज फटीच्या कांठाशीं येऊन थांबते. तेथें रसाच्या सूक्ष्म कुप्या फुटतात, रस पलीकडच्या कांठाला लागतो, आणि तेथें वीज नव्यानें उत्पन्न होते, किंवा दाबली जाते.