बरव्यांचे घड्याळ
(पहूर येथील व्याख्यानावरून)



पहूरच्या माणसाला चित्रकला परकी नाही. फर्दापूरच्या वाटेने गेले की अजिंठा. तेथील जातककथा ठाऊक नसल्या तरी हत्ती, राजा, दासी ओळखता येतात. प्रभाकर बरवे यांच्या चित्रापुढे मात्र हाच माणूस अडखळतो. वस्तू तेथेही ओळखीच्याच असतात : घड्याळ, झाडाचे पान, एखादे फळ. परंतु त्यांच्या पायाखाली जमीन नसते, लहानमोठेपणाचे प्रमाण सुटलेले असते आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे चित्रकार सांगत नाही. 'असंगत आहे, सबब पलायनवादी आहे', असा शेरा मारून कार्यकर्ता मोकळा होतो.

हा शेरा घाईचा आहे. 1936 साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातील नागाव येथे जन्मलेले बरवे जे. जे.त शिकले आणि 1961 मध्ये सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरीस लागले. आधी वाराणसीत, मग मुंबईत. वाराणसीत तांत्रिक चिन्हांनी त्यांच्या चित्रांत शिरकाव केला. पुढे तो प्रभाव ओसरला. हातमागाच्या कापडासाठी नक्षी काढणे हा त्यांचा चरितार्थ होता. दोन बुट्ट्यांमधली मोकळी जागा विणकराला बुट्टीइतकीच मोजावी लागते; बरव्यांच्या चित्रातही रिकामी जागा अशीच कामाला लागलेली दिसते. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांच्या पुस्तकाचे नाव उगीच नव्हे. रंगही पुष्कळदा एनॅमलचा, दारे-खिडक्यांना लावतात त्या जातीचा.

केळी पिकविणाऱ्याच्या हाती अखेर हिशेबाची चिठ्ठी उरते, तेव्हा वस्तू आणि माणूस यांचे नाते तुटलेलेच असते. बरव्यांना हेच सांगायचे होते, असे म्हणणे लबाडीचे ठरेल. मात्र नेहमीची वस्तू अनोळखी करून दाखविणारा चित्रकार डोळ्यांची सवय मोडतो, आणि सवय मोडल्यावाचून कोणाला प्रश्न पडत नाहीत.

बरवे 1995 मध्ये वारले. 8 फेब्रुवारी 2019 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या मोडीत काढल्याबद्दल अमोल पालेकर तेथे बोलू लागले, तेव्हा त्यांना पुन्हा पुन्हा अडविण्यात आले. बरव्यांपुरतेच बोला, असे त्यांना सांगण्यात आले. ज्याने घड्याळाशेजारी पान ठेवताना कोणाची परवानगी मागितली नाही, त्याच्याच चित्रांसमोर वक्त्याला विषयाची हद्द आखून देण्यात आली.